साबणाविना साबणदाणी

मी साबणदाणी. माझ्यात साबण नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. नाव एक आणि काम भलतंच, ही अवस्था काही माझ्या एकटीची नाही. माणसांत तर अशांना खुर्ची आणि घंटी देतात. मला भिंत मिळाली आणि दोन स्क्रू.

ही भिंत मस्कतजवळच्या रुसैल औद्योगिक वसाहतीत आहे. कामगारांचं जेवण शिजवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघराची. कपडे बदलायची खोली एका बाजूला, स्वयंपाकघराचं दार दुसऱ्या बाजूला आणि मधल्या बोळात हात धुवायचं लांबट बेसिन. त्या बेसिनच्या वर, डाव्या हाताला मी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासमोर उभं राहावंच लागतं. देवळातल्या मूर्तीलाही इतकी हमखास गर्दी नसते.

माझा जन्म राजकोटकडच्या एका कारखान्यातला. पत्र्याच्या एकाच तुकड्यातून आम्ही तिघी निघालो. पाणी निथळावं म्हणून बुडाला भोकं पाडली आणि बोटीत घातलं. मस्कतमधल्या हमरिया भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी उंदरांच्या पिंजऱ्यांशेजारी बरेच दिवस लटकत होते. येणारा प्रत्येक जण पिंजरा घेऊन जायचा. माणसाला हात धुण्यापेक्षा उंदीर पकडण्याची घाई जास्त, हा माझा जगाबद्दलचा पहिला अनुभव.

२०१२ साली चंद्रशेखर नावाचे मंगळूरकडचे गृहस्थ आले. नव्या स्वयंपाकघराचे मॅनेजर. 'यल्ला, यल्ला' म्हणत दुकानदाराला घाई करत होते, आणि दुकानदार आत गेला तेव्हा स्वतःलाही यल्ला म्हणाले. त्यांनी मला उचललं, आणि दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर.

त्या काळी माझ्यात खरोखरच साबण असे. हिरव्या रंगाची मोठी वडी. चौदा माणसं आणि एक वडी. कुणी तिचा फेस करी आणि अर्धा फेस तिच्यावरच ठेवून जाई. कुणी नुसती बोटं ओली करून आजूबाजूला बघे, कुणी नसलं की हात पँटला पुशी. बलदियाचा माणूस, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा तपासनीस, यायचा असला की सगळे कोपरापर्यंत हात धूत. तो गेला की कोपर पुन्हा कोरडं.

या सगळ्यांत एकाचं माझ्याकडे खास लक्ष असायचं. रामकृष्ण. लांजा तालुक्यातल्या एका वाडीचा, पोळ्यांच्या विभागाचा प्रमुख. मनगट जाड, बोलणं थोडं, आणि पोळी अशी की तव्यावर टाकली की आपण होऊन फुगावी. वडी झिजून पातळ कपची उरली की तो ती फेकू देत नसे. नवी वडी आणायची, कपची ओली करून तिच्या पाठीवर दाबून बसवायची आणि दोन दिवस कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"फेको ना, रामू मियाँ! क्या शादी करा रे साबुन की?" बिर्याणीवाला यूनुस विचारी. तो हैदराबादचा.

"फेंकने का नहीं. अजून जीव आहे त्यात," रामकृष्ण म्हणे. त्याचं हिंदी दुसऱ्या वाक्याला मराठीत पोहोचायचं.

२०१५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नूतन मॅडम आल्या. पुण्याच्या, जंतूंचं शास्त्र शिकलेल्या. नवरा कृष्णकांत मस्कतमध्ये इंजिनिअर, राहायला रुवीत. एका लहान दवाखान्यातल्या रुग्णांचं जेवण आमच्याकडे आलं होतं, आणि दवाखान्याची अट होती की स्वच्छतेवर देखरेख करणारं शिकलेलं माणूस हवं. पहिल्या दिवशी त्या बोळात उभ्या राहिल्या. कोण कसे हात धुतो ते बघत.

"रामकृष्ण, तुम्ही एक बोट ओलं केलंत आणि आत निघालात," त्या अखेर म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही धुऊन दाखवा."

मॅडमनी निळ्या चकतीचा, म्हणजे थंड पाण्याचा नळ सोडून हात पुढे केला आणि 'आई गं' म्हणून मागे घेतला. इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं तापतं की थंड नळाखाली चहा करावा. चंद्रशेखरांना हे ठाऊक होतं. त्यांच्या केबिनमधल्या बेसिनचं पाणी वेगळ्या टाकीतून येई. आठवड्याभरात मॅडमनी गच्चीवर छप्पर घालून घेतलं, टाकीला पांढरं वेष्टण बसवून घेतलं. नळाखाली हात ठरू लागले. रामकृष्णने कौतुक केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात दोन पोळ्या जास्त गेल्या. त्याच्या लेखी ते प्रशस्तिपत्रक.

मग मॅडमची नजर माझ्याकडे वळली. वडीच्या पाठीवरच्या कपचीकडे त्यांनी मेलेल्या पालीकडे बघावं तसं बघितलं.

"हे काय आहे?"

"साबण आहे मॅडम."

"सगळ्यांचा एक? म्हणजे सगळ्यांचा एक टूथब्रशच की!"

"साबण कसा घाण होईल?" रामकृष्णने मनापासून विचारलं. "तो साबण आहे."

मॅडमनी समजावलं. दिवसभर पाण्यात भिजत पडलेली वडी एकाच्या हातचं दुसऱ्याच्या हातावर कसं पोचवते, वगैरे. रामकृष्णने मान हलवली. पटलेलं नव्हतं. पण वडी गेली, कपचीसकट. माझ्या वर पातळ साबणाची पेटी आली, जिची कळ कोपराने दाबायची. मी रिकामी झाले.

चंद्रशेखर मला काढायला प्लंबरला घेऊन आले. प्लंबर म्हणाला, स्क्रू गंजलेत, काढायला गेलो तर फरशी तडकेल. "छोडो, रहने दो," चंद्रशेखर म्हणाले. एवढ्या एका कारणावर मी टिकले. कचेऱ्यांतून पुष्कळ लोक याच कारणावर निवृत्तीपर्यंत टिकतात.

त्यानंतर महिन्याभरात माझ्या दुसऱ्या आयुष्याला सुरुवात झाली. भिंतीवर नवा नियम लागला: आत जाताना हातात घड्याळ, कडं, दोरा, गळ्यात साखळी, तावीज काही नको. फक्त साधी, नक्षी नसलेली लग्नाची अंगठी चालेल. हा नियम ज्यांनी केला त्यांचं लग्न बोटात मावत असणार. आमच्या माणसांचं लग्न गळ्यात, मनगटात, पायाच्या बोटांत, आणि नवस-सायास धरले तर दंडावरही असतं. त्यांचा नियमात उल्लेख फक्त 'नको' या शब्दासमोर.

काढून ठेवा असं लिहिलं होतं. कुठे ते लिहिलेलं नव्हतं. कपाटं तेव्हा आली नव्हती, आणि खिशात काही ठेवायलाही मनाई. पहिल्या सकाळी यूनुस दंडावरचा तावीज सोडून इकडेतिकडे बघत राहिला, मग त्याने तो माझ्यात ठेवला.

"अम्मी को मालूम पड़ा तो हैदराबाद से चप्पल फेंकते उनो," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

त्याच्यामागून घड्याळं आली, एक कडं आलं, देवळातला लाल धागा आला. इतके दिवस मी साबण सांभाळत होते. आता माणसं आपापली भीती आणि माया माझ्यात काढून ठेवून आत जाऊ लागली. साबणापेक्षा हे वजनदार होतं.

रामकृष्णने काही ठेवलं नाही. त्याच्या उजव्या मनगटावर काळा दोरा होता. दुसऱ्या दिवशी तो मनगटावर दिसला नाही. मला वाटलं, काढला असेल. पण हात धुताना बाही सरकली, आणि दोरा मनगटाहून वर, बाहीच्या आत चढून बसलेला मला दिसला. पाण्याच्या भीतीने झाडावर चढलेल्या मुंगीसारखा.

त्या दोऱ्याची हकिगत मला फोनमुळे कळली. फोन आत न्यायचा नाही, म्हणून सुट्टीत सगळे याच बोळात उभे राहून घरी बोलत. रामकृष्णची बायको प्रेमा. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं. यंदा तो शिमग्याला घरी गेला तेव्हा गावच्या देवीच्या गुरवाने दोघांच्या हातांत एकाच सुताचे दोन दोरे बांधले. पाळणा हलला की दोन्ही दोरे पाळण्याला बांधायचे, तोपर्यंत उतरवायचे नाहीत. रामकृष्ण परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ बातमी आली. प्रेमाला दिवस गेले होते.

"दोरा हाय ना?" प्रेमा दर फोनला विचारायची. तिचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा.

"हाय. तुझा?"

"हाय तर. पाणी जपून प्या. उन्हात फिरू नका."

रुसैलच्या जुलैत उन्हात फिरू नका हे सांगणं म्हणजे माशाला ओलं होऊ नको म्हणण्यासारखं. पण तो 'बरं' म्हणायचा.

नव्या नियमाप्रमाणे कोपरापर्यंत हात धुवायचे होते, त्यामुळे दोरा फार दिवस लपणं शक्य नव्हतं. मॅडमनी एक दिवस पाहिला.

"रामकृष्ण, हा दोरा..."

"बाहीच्या आत आहे मॅडम. पोळीला लागत नाही."

"कणीक मळताना बाही वर जाते. मी बघितलंय."

रामकृष्णने त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या गळ्याकडे बोट केलं. "तुमचंही कोटाच्या आतच आहे. ते कसं चालतं?"

यूनुसने नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मी स्वयंपाक करत नाही," त्या म्हणाल्या.

"आत तर येता. वाकून भांड्यात बघता."

शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो तपासणी लावतो. मॅडमनी काचेच्या झाकणांच्या लहान चकत्या आणल्या, आत खळीसारखं काहीतरी थिजवलेलं. प्रत्येकाची बोटं त्यावर टेकवून घेतली. रामकृष्णचा दोरा काढायला न लावता तसाच टेकवून घेतला. जंतू असतील तिथे दोन दिवसांत ठिपके उगवणार होते.

"आता तुमचं," रामकृष्ण म्हणाला.

मॅडमनी काळे मणी कोटाबाहेर काढले आणि चकतीवर टेकवले.

दोन दिवसांनी दुपारी, सगळे आत असताना, त्या दोन चकत्या घेऊन बेसिनपाशी उभ्या राहिल्या. दोऱ्याच्या चकतीवर ठिपके होते, उपम्यातल्या मोहरीएवढे, जागोजाग. मंगळसूत्राच्या चकतीवर इतके होते की एकात एक मिसळून लापशी झाली होती. त्या किती वेळ बघत होत्या. चकत्या कचऱ्यात टाकल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. साक्षीला मी एकटी, आणि माझी साक्ष कुणी काढणार नव्हतं.

त्यांनी दारातून हाक मारली, "रामकृष्ण, जरा बाहेर या."

तो आला. त्यांनी दोन्ही चकत्या त्याच्यापुढे धरल्या. "हा तुमचा दोरा. आणि हे माझं."

तो बारकाईने बघत राहिला. "तुमच्यात जास्त आहेत."

"हो."

"असं कसं? तुम्ही तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"घाम, पावडर, आणि दिवसातून दहा वेळा हात लागतो माझा. सवयीने." त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले आणि आकडा सोडवू लागल्या.

रामकृष्णच गांगरला. "मॅडम, नको! अहो, मी रागात बोललो. असं काढू नका हो. कृष्णकांतसाहेब..."

"कृष्णकांत ठणठणीत आहे. वजन तेवढं वाढलंय." त्यांनी मंगळसूत्र माझ्यात ठेवलं. "लग्नापासून पहिल्यांदाच काढतेय. पण आता रोज काढणार. तुम्हाला मी काढा म्हणणार नाही. तुमच्या घरचं मला सगळं कळलंय, यूनुसने सांगितलं. दोरा ठेवायचा असेल तर बाळंतपण होईपर्यंत स्टोअर सांभाळा, पिठाला हात नको. त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही ठरवा."

रामकृष्णने स्टोअर निवडलं.

स्टोअरमध्ये तो डाळ-तांदळाची पोती लावू लागला. पोळ्यांवर नवा माणूस आला. दवाखान्याची डब्यांची गाडी या बोळातूनच बाहेर जाते. एका सकाळी गाडी थांबली असताना रामकृष्ण स्टोअरमधून येत होता. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: कुठे 'मधुमेह', कुठे 'मीठ कमी', आणि वरच्या थरावर 'प्रसूती'. त्याने एक झाकण उचललं. पोळी एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला पांढरी.

"ही कुणाला जाणार?" त्याने यूनुसला विचारलं.

"जच्चा लोगों को. क्या देखते मियाँ, पोली नहीं है, नक्शा है. बीच में मस्कत कच्चा रह गया."

रामकृष्ण हसला नाही. "बाळंतिणीला कच्ची पोळी? पोटात दुखेल तिच्या," तो म्हणाला आणि झाकण लावून कितीतरी वेळ त्या डब्यावर हात ठेवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर आला. एका हाताने गाठ सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. गुरवाची गाठ होती, चिवट. सुटलेला दोरा त्याने कपाळाला लावला, माझ्यात ठेवला, आणि हळूच म्हणाला, "सांभाळ गो बाय."

इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. माझ्याविषयी बोलले होते, प्लंबरसुद्धा. माझ्याशी कुणी नाही.

मग त्याने नळ सोडला, दोऱ्याला दात लावले होते म्हणून दोनदा साबण घेतला, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेला. प्रेमाला त्याने सांगितलं नाही. त्या दिवशीही तिने विचारलं, "दोरा हाय ना?" तो म्हणाला, "हाय." आणि माझ्याकडे पाठ केली.

रोज संध्याकाळी काम संपलं की दोरा पुन्हा चढायचा. स्वतःच्या मनगटावर स्वतःला गाठ मारता येत नाही, म्हणून यूनुस बांधायचा. त्या बदल्यात रामकृष्ण त्याच्या दंडावर तावीज बांधायचा.

"नीट बांध. देवीचा आहे."

"अरे, देग का ढक्कन बाँधता मैं. भाप नहीं निकलती, तेरा धागा क्या निकलेगा!"

हैदराबादचा यूनुस रोज लांज्याच्या देवीची गाठ मारत होता, आणि देवीची काही तक्रार आली नाही. पण रामकृष्णच्या मनातून ते गेलं नव्हतं. गुरवाची गाठ एकदा सुटली ती सुटलीच, हे तो जाणून होता. दोरा ठेवताना त्याचा हात रोज माझ्या काठावर जरा रेंगाळायचा.

मधल्या काळातली एक आठवण सांगते. एका गुरुवारी मॅडम मंगळसूत्र माझ्यातच विसरून घरी गेल्या. शुक्रवार-शनिवार त्यांची सुट्टी, स्वयंपाकघर मात्र चालू. दोन दिवस ते मंगळसूत्र मीच घालून होते म्हणायला हरकत नाही. येणारा-जाणारा बघायचा, आपली वस्तू बाजूला सारून ठेवायचा, पण त्याला बोट लावायचा नाही. शनिवारी रामकृष्णने त्यावर एक स्टीलची वाटी पालथी घातली. पाणी उडू नये म्हणून. रविवारी मॅडम धावत आल्या, वाटी उचलली आणि बघत राहिल्या.

"सासूबाई आल्यात पुण्याहून," त्या म्हणाल्या. "दोन दिवस गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसले. एसीत गारठते म्हणून सांगितलं."

"खोटं बोललात?" रामकृष्णने विचारलं.

"तुम्ही फोनवर काय बोलता?"

दोघंही मग आपापले हात धूत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

नोव्हेंबर आला. उकाडा सरला, नळाचं पाणी सुखद झालं. प्रेमाला नववा लागायचा होता. एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीत रामकृष्णचा फोन वाजू लागला. वाजून थांबे, पुन्हा वाजे. यूनुस बिर्याणीची देग बंद करून बाहेर आला होता, त्याने उचलला आणि दारातून ओरडला, "रामू मियाँ! घर से!"

रामकृष्ण पिठाच्या हातांनी आला. यूनुसने फोन त्याच्या कानाशी धरला. सासू बोलत होती. प्रेमाला सकाळपासून कळा, पाणी गेलं, रत्नागिरीला दवाखान्यात नेलंय, डॉक्टर काही बोलत नाहीत, मग ठेवते म्हणाली आणि ठेवला.

त्याने पीठ लागलेल्या हातानेच माझ्यातला दोरा उचलला आणि मनगटाभोवती गुंडाळू लागला. गाठ बसेना. दोरा दोनदा बेसिनमध्ये पडला.

"मी काढला," तो म्हणत होता. "रोज काढला. नववा लागायचा होता अजून. मीच काढला."

आवाजाने मॅडम आल्या. काय झालं ते यूनुसने दोन वाक्यांत सांगितलं. जंतूंविषयी त्यांना पुष्कळ माहिती होती. या प्रश्नावर त्या शास्त्रात काही नव्हतं. त्यांनी बेसिनमधला दोरा उचलला, स्वच्छ पाण्यातून काढला, पिळला, आणि त्याच्या मनगटाला बांधला.

"तुम्ही रूमवर जा. कंपनीची गाडी देते. आजच्या पोळ्यांचं मी बघते."

"कोण करेल?"

"नवा माणूस आहे ना."

रामकृष्णने डोळे पुसले. पिठाने भुवया पांढऱ्या झाल्या. तो मनगटाकडे बघत उभा राहिला, मग आत, पोळ्यांच्या ओट्याकडे. संध्याकाळची दवाखान्याची गाडी निघायची होती.

"रूमवर जाऊन काय करू मॅडम? भिंत बघू?" तो म्हणाला. "तिथं तिला कोण काय खायला घालतंय मला ठाऊक नाही. इथल्यांचं तरी माझ्या हातात आहे." आणि त्याने हात यूनुसपुढे केला. "सोड."

"अभी तो मॅडम बाँधे!"

"सोड रे."

यूनुसने दोरा सोडला आणि माझ्यात ठेवला. रामकृष्णने हात धुतले. मी त्याला शेकडो वेळा हात धुताना पाहिलंय, पण त्या दिवशीसारखे नाही. नखं, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगट, कोपर. कुणी तान्हं मूल न्हाऊ घालावं तसे. आणि आत गेला.

यूनुस फोन घेऊन बोळात बसून राहिला. त्याची देग होती, तरी बसला. चंद्रशेखर आले, त्याला 'यल्ला' म्हणणार होते, पण मॅडमनी बघितलं तसे परत गेले आणि थोड्या वेळाने तीन चहा पाठवले. कुणी प्यायलं नाही.

गाडीत डबे चढत होते तेव्हा फोन वाजला. रामकृष्ण बाहेर येऊन उभा राहिला, हात कोपरापर्यंत पिठात, समोर धरलेले. यूनुसने फोनचा आवाज मोठा केला.

"ऐकताव काय?" प्रेमाचाच आवाज, पार खोल गेलेला.

"हां. बोल."

"मुलगी झाली. बारीक हाय, पन रडली मोठ्यानं. डॉक्टर म्हनाले, बरी हाय."

रामकृष्ण भिंतीला टेकला. माझ्या अगदी शेजारी.

"ऐका, रागावू नका," प्रेमा म्हणाली. "एक सांगायचंय. माझा दोरा ऱ्हायला नाय. आत घेताना सिस्टरनं कापलान. मी नको नको म्हनत होते. म्हनाली, हितं असलं कायपन चालत नाय, बाळाला बाधतं. बांगड्या काढायला लावलान, मंगळसूत्र काढायला लावलान. सगळं एका साबनाच्या डबीत घालून आयेच्या हातात दिलान." ती दम घ्यायला थांबली. "लय घाबरले मी. मग म्हटलं, त्यांचा तर हाय. त्यांच्या हाताला हाय म्हंजे झालं. त्याच्यावरच धीर धरला. तुमचा हाय ना?"

बोळात नळ थेंब थेंब गळत होता. रामकृष्णने माझ्याकडे बघितलं. दोरा माझ्यात ओला पडला होता, ताविजाशेजारी, मंगळसूत्रावर.

"हाय," तो म्हणाला. "हाय म्हंजे... हातात नाय. हितं साबनदानीत हाय."



"कधीपासून?"

"आषाढापासून. पोळ्या करताना काढायला लागतो. रोज. रातचा परत बांधतो."

शांतता इतकी लांबली की यूनुसने फोन उलटून बघितला, चालू आहे ना म्हणून. मग त्यातून एक आवाज आला. आधी मला तो रडण्याचा वाटला. पण प्रेमा हसत होती. टाके दुखत असणार, मधेच 'आई गं' म्हणत होती आणि तरी हसत होती.

"म्हंजे दोघांचा पन नव्हता!"

"नव्हता."

"आनि मी आपली तुमच्या भरवशावर!"

"आनि मी तुझ्या."

"क्या बोली?" यूनुसने कुजबुजून विचारलं.

मॅडमनी त्याला हिंदीत सांगितलं आणि घाईघाईने नळ सोडून हात धुवायला लागल्या. साबण घ्यायला विसरल्या. स्वच्छता अधिकाऱ्याकडून झालेली एवढी एकच चूक माझ्या पाहण्यात आहे.

रामकृष्ण पुढच्या शिमग्याला घरी गेला. आपला दोरा आणि डबीत जपलेला तिचा कापलेला दोरा, दोन्ही पाळण्याला बांधून आला. मुलीचं नाव रेवा ठेवलं. परत आल्यावर पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला, सवयीने डावा हात उजव्या मनगटाकडे गेला, आणि तिथे काढायला काही नव्हतं. तो जरासा हसला. ओल्या बोटांनी त्याने माझा काठ पुसला आणि आत गेला.

आता २०१९ उजाडलंय. कपडे बदलायच्या खोलीत कुलपांची कपाटं आलीत. पण माणसं अजूनही पुष्कळदा माझ्यातच ठेवतात. कपाटाला किल्ली लागते. मला कुणीतरी समोर उभं असलेलं पुरतं. माझ्यावर पाण्याचे पांढरे डाग पडलेत. एका कोपऱ्याला गंज धरलाय. हात न लावता चालणारे नळ येणार आहेत, तेव्हा ही भिंत नवी होणार असं ऐकते. फरशी तडकली तरी या वेळी मला काढतील. तक्रार नाही. साबण गेल्यावरही मला काम मिळालं, हे नशीब कितीजणांच्या वाट्याला येतं?

जाता जाता नियम लिहिणाऱ्यांना एक विनंती करते. नियम चांगलेच असतात. मी त्यांच्या बाजूची आहे. चकत्यांवरची ती लापशी मी पाहिली आहे. पण 'काढून ठेवा' असं लिहाल तेव्हा कुठे ठेवायचं तेही लिहा. आणि जागा अशी द्या की परत जाताना माणसाला ती वस्तू जशीच्या तशी मिळेल. एवढं केलंत तर माणसं हात आपण होऊन धुतील. कोपरापर्यंत.

थांबते. सकाळची बस आलीय, पावलं वाजताहेत. ओल्या बोटांनी कुणीतरी काहीतरी माझ्यात ठेवतंय. नवा माणूस दिसतो, दोनदा मागे वळून बघतोय.

जा बाबा, नीट हात धू. मी आहे इथे.